रंगापलीकडची ओळख

ओळख पटविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रंग, आणि सर्वांत बेभरवशाचाही तोच. पिवळ्या घराच्या शेजारचे घर, हिरव्या फाटकाचा वाडा, निळ्या शालूतल्या वहिनी, असे आपण सहज बोलून जातो. परंतु घराला सफेदी होते, फाटकाचा रंग उडतो, आणि वहिनींचा शालू तर दुसऱ्याच दिवशी बदललेला असतो. हा सोपा मार्ग मला जन्मतःच बंद आहे. लाल आणि हिरवा यांतील भेद माझ्या डोळ्यांना उमगत नाही. हळद मी ओळखतो, कुंकू मात्र मला काळपट दिसते. ताटातल्या लाल आणि हिरव्या मिरच्या मला सख्ख्या बहिणी वाटतात. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने १७९४ साली स्वतःच्याच अशा दृष्टीविषयी निबंध वाचला होता. थोरामोठ्यांच्या पंगतीला बसण्याचा माझा एवढाच काय तो अधिकार!

ग्वालियरच्या लष्कर भागात माझे बालपण गेले. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० साली येथे पडला आणि तळाचेच शहर झाले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. आम्हा मुलांचे दैवत मात्र किल्ला नव्हते, स्टेशन होते. एका बाजूला मोठी गाडी, दुसऱ्या बाजूला दोन फुटी रुळांवरून श्योपूरकडे सुमारे २०० किलोमीटर रमतगमत जाणारी छोटी गाडी. ती छोटी गाडी २०२० साली बंद झाली. पण तिची शीळ आमच्या पिढीच्या कानांतून जावयाची नाही. गाडी दुरून येताना दिसली की कोणती ते आधी सांगण्याची आमच्यात पैज लागे. डब्ल्यूपी जातीच्या एंजिनाचे नाक बंदुकीच्या गोळीसारखे पुढे आलेले असे; मालगाडीच्या डब्ल्यूजी एंजिनाचा चेहरा सपाट. शिटीचा सूर निराळा, धुराचा लोट निराळा. रंगाची मला गरजच भासली नाही. पुढे डब्यांचा तांबूस रंग जाऊन निळा आला, निळा जाऊन लाल-करडा आला, आणि रंगावर विसंबणाऱ्या मंडळींना प्रत्येक वेळी नव्याने शिकावे लागले. माझे काही अडले नाही.

अडले ते एकदाच. एंजिनावर काम करण्याच्या उमेदीने मी अर्ज केला, लेखी परीक्षा पार पडली, आणि वैद्यकीय तपासणीत माझ्यापुढे ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचे एक पुस्तक ठेवण्यात आले. जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ती चित्रे. इतरांना त्यांत आकडे दिसतात. मला नुसते ठिपके दिसले. मी परत आलो. या निर्णयाविषयी माझ्या मनात कधीही अढी राहिली नाही. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली, तेव्हा होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने रंगांधळेपणाकडे बोट दाखविले आणि लोकरीच्या रंगीत लडी निवडावयास लावून रेल्वेसेवकांची परीक्षा सुरू केली. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती, त्याने दिव्याचा रंग ओळखलाच पाहिजे. मी गणिताचा शिक्षक झालो आणि सुखाने झालो.

हे सारे जुने प्रकरण पुन्हा उघडले ते माझ्या नातवामुळे. मुलगी इंदूरला असते. मला घरात सारे ‘नाना’ म्हणतात. हिंदीतही आईच्या वडिलांना नानाच म्हणतात, त्यामुळे नातवाची आणि त्याच्या मित्रांची एकदमच सोय झाली आहे. तेरा वर्षांच्या या मुलाला शर्यतीच्या मोटारींचे विलक्षण वेड आहे. मोठेपणी आपण अशीच मोटार चालविणार, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलेले. अशात शाळेतील नेत्रतपासणीत त्याच्यापुढेही तेच ठिपक्यांचे पुस्तक आले, आणि त्यालाही ठिपकेच दिसले.

मुलीचा फोन आला. तिचा आवाज ओला होता. “नाना, हे तुमच्याकडून आलं ना?” असे तिने विचारले, आणि मी उत्तर देण्यापूर्वीच म्हणाली, “म्हणजे माझ्याकडूनच आलं.”

शास्त्र तिच्या बाजूने होते, हे मला नाकारता येईना. हा दोष क्ष गुणसूत्रावरून येतो. पित्याचे एकुलते एक क्ष गुणसूत्र त्याच्या प्रत्येक मुलीला मिळते. तिच्याजवळ दुसरे निरोगी असल्याने तिला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही. पण तिच्या प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. उत्तर युरोपात बारा पुरुषांमागे एकाला हा दोष आढळतो, आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी. एवढे सांगूनही तिचे समाधान झाले नाही. मुलाला इतक्यात काही कळू द्यावयाचे नाही, आणि मोटारींचे वेड हळूहळू सोडवावयाचे, असा तिचा बेत होता. मे महिन्यात ती त्याला घेऊन ग्वालियरला आली ती याच विचाराने.

त्या सुटीत रविवारच्या संध्याकाळी मी नातवाशेजारी बसून शर्यती पाहू लागलो. पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो हाच, की वीस-बावीस मोटारी ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने डोळ्यांसमोरून जातात, त्यांतली कोणती कोणाची हे या मुलाला कळते तरी कसे? कारण रंगाने ओळखावयाचे म्हटले, तर डोळे धड असलेल्यांनाही ते सोपे नाही.

एके काळी ते सोपे होते. १९०० साली गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा देशागणिक रंग ठरले. फ्रान्सचा निळा कायम राहिला. पुढे इंग्लंडचा हिरवा, इटलीचा लाल आणि जर्मनीचा रुपेरी रूढ झाला. १९६८ साली लोटस संघाने परंपरेचा हिरवा टाकून एका सिगारेट कंपनीचे लाल, पांढरा आणि सोनेरी रंग घेतले. तेव्हापासून रंग देशाचा राहिला नाही, पैसे देणाऱ्याचा झाला. मॅक्लारेनची मोटार आधी नारिंगी, मग लाल-पांढरी, मग रुपेरी, आणि २०१७ पासून पुन्हा नारिंगी. मर्सिडीज २०२० साली रुपेरीची काळी झाली, २०२२ साली पुन्हा रुपेरी, २०२३ साली पुन्हा काळी. फेरारी तरी लालच राहील असे वाटावे, तर १९६४ सालच्या शेवटच्या दोन शर्यतींत ती निळ्या-पांढऱ्या वेषात धावली, आणि त्याच वेषात जॉन सर्टीज जगज्जेता ठरला.

सर्वांत मौजेची कथा आपल्या जिव्हाळ्याच्या एका घराण्याची. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे १९९१ साली जॉर्डन नावाचा संघ हिरव्या मोटारी घेऊन उतरला. पुढे त्या पिवळ्या झाल्या. २००५ साली आपल्या नारायण कार्तिकेयनने, फॉर्म्युला वनमधील पहिल्या भारतीयाने, त्याच संघातून पदार्पण केले. २००६ साली संघ मिडलँड झाला, २००७ साली स्पायकर होऊन नारिंगी झाला, २००८ साली विजय मल्ल्या यांच्याकडे येऊन फोर्स इंडिया झाला. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे आमच्या ग्वालियरपासून काही तासांच्या अंतरावर, भारतातील पहिली शर्यत झाली तेव्हा या मोटारींवर आपले तिरंगी पट्टे होते. २०१७ साली त्या चक्क गुलाबी झाल्या. २०१८ साली नाव रेसिंग पॉइंट झाले. आणि २०२१ साली अॅस्टन मार्टिन होऊन पुन्हा हिरव्या. गाव तेच, बिऱ्हाडही तेच. पाटी तेवढी बदलत गेली.

मी नातवाला विचारले, “तू यांना ओळखतोस तरी कसा?” तो उठला आणि आपली वही घेऊन आला. दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने. पहिला रकाना नाकाचा: २०१४ सालच्या लोटसला हस्तिदंतासारखी दोन टोके होती, दुसऱ्या कोणालाही नव्हती. दुसरा बाजूच्या फुगवट्यांचा: २०२२ सालच्या मर्सिडीजच्या बाजू जवळजवळ सपाट, तर फेरारीच्या वरून खोलगट, न्हाणीतल्या टबासारख्या. मग चालकाच्या हेल्मेटवरील नक्षी. मग क्रमांक, जो २०१४ पासून प्रत्येक चालकाचा स्वतःचा असतो. हॅमिल्टनचा ४४, अलोन्सोचा १४. एकाच संघाच्या दोन जुळ्या मोटारी असतील तर चालकाच्या डोक्यामागे बसविलेला छोटा कॅमेरा पाहावयाचा: एकीचा काळा, दुसरीचा झगझगीत पिवळा. हे दोन रंग आम्हा दोघांनाही चुकत नाहीत! टायरांच्या पट्ट्यांत लाल आणि हिरवा दोन्ही असतात, पण हिरव्या पट्टीचा टायर ओलसर रस्त्यासाठी असून त्याला खाचा असतात आणि लाल पट्टीचा गुळगुळीत असतो, हेही त्याने टिपून ठेवले होते.

रकाने सहा होते. रंगाचा रकानाच नव्हता.

मी काही न बोलता ती वही मुलीच्या हाती दिली. तिने पाने उलटली आणि त्याला विचारले, “रंग का नाही लिहिलास रे?” तो म्हणाला, “आई, रंग तर दर वर्षी बदलतात. लिहून काय उपयोग?” मग थोडे थांबून, “आणि मला ते तुझ्यासारखे दिसत नाहीत, हे मला केव्हाचं ठाऊक आहे. नानांनापण दिसत नाहीत. ते ताटातली मिरची बोटाने दाबून बघतात.”

ज्याच्यापासून लपवावयाचे तो आधीच जाणता होता. मुलगी त्या दिवशी रडली, परंतु फोनवरचे रडणे आणि हे रडणे यांत पुष्कळ अंतर होते. नंतर त्याने आम्हा दोघांना २०२० सालची एक गोष्ट सांगितली. त्या वर्षीची गुलाबी रेसिंग पॉइंट मोटार आदल्या वर्षीच्या रुपेरी मर्सिडीजची हुबेहूब प्रत आहे, असा बोभाटा झाला. रेनो संघाने तक्रार केली. पंचांनी ब्रेक थंड करणाऱ्या हवेच्या नळ्यांची छाननी केली, आणि ऑगस्टमध्ये संघाचे १५ गुण कापून ४ लाख युरो दंड केला. “सगळे गुलाबी गुलाबी म्हणत होते,” तो म्हणाला, “पण रंग काढून टाकला की राहते ती मर्सिडीजच.” त्याच्या डोळ्यांना रंग काढून टाकण्याचे कष्टच पडत नाहीत, हे त्याने सांगितले नाही, आम्हाला ते कळले.

खोटा धीर देणे मला पसंत नाही, म्हणून बंद दारांची यादीही मी त्याच्यापुढे मांडली. आगगाडीचे एंजिन त्याला मिळावयाचे नाही. रस्त्यावरील वाहनपरवान्याची वाट मात्र खुली होण्याजोगी आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगांधळ्यांना परवान्याची मुभा दिली. शर्यतीच्या चालकाने निशाणांचे रंग बिनचूक ओळखले पाहिजेत. पिवळे सावधानतेचे, निळे मागच्याला वाट देण्याचे, लाल थांबण्याचे. ते त्याला कितपत साधेल, हे योग्य वयात तज्ज्ञ सांगतील. शर्यत सुरू होते ती पाच लाल दिवे विझल्यावर, आणि दिवा विझलेला तर आम्हालाही दिसतो. शिवाय चालकामागे मोटारीचा आकार रेखाटणारे शेकडो हात असतात, आणि तेथे या वहीचे चीज होईल, असे माझे शिक्षकाचे मन सांगते.

मुलीच्या मनात राहिलेल्या बोचणीला मी एवढेच उत्तर दिले. ग्रॅहॅम हिल हा इंग्रज चालक १९६२ आणि १९६८ साली जगज्जेता झाला. गडद निळ्या हेल्मेटवर वल्ह्यांची पांढरी पाती ही त्याची खूण. त्याचा मुलगा डेमन १९९६ साली जगज्जेता झाला, तो त्याच नक्षीचे हेल्मेट घालून. वारसा असाही येतो. माझ्याकडून तुझ्यामार्फत त्याच्याकडे एक उणीव गेली हे खरे; पण नाकावरून, चालीवरून, आवाजावरून ओळखण्याची ही चिकाटी त्याच वाटेने गेली नसेल कशावरून?

अकबराच्या फौजेत घोड्याला डाग देत आणि स्वाराचा चेहरामोहरा दप्तरात लिहून ठेवीत, कारण खोगीर आणि झूल कोणालाही बदलता येते. आपणा महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींना हे निराळे सांगावयास नको. लष्करातल्या घरांवरून पगडी गेली, अंगरखा गेला, बोलण्यात हिंदीचा रंग चढला. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून गालांत हसतात. तरीही वाड्याच्या दारातून आत पाऊल टाकले की कोणाचे घर ते कळावयास वेळ लागत नाही.

परवा इंदूरहून फोन होता. आता रविवारी मुलगीही शर्यत पाहावयास बसते. “नाना, ती हिरवी गाडी पुढे गेली,” असे ती म्हणाली, आणि मागून नातवाचा आवाज आला, “आई, हिरवी नको म्हणूस. चौदा नंबर म्हण.”