जुन्या वस्तूचा भाव आणि आपले तिसरे व्रत



नव्या डब्यावर किंमत छापलेली असते. पितळेच्या जुन्या घंगाळावर, शिसवी खुर्चीवर किंवा सासूबाईंच्या पानाच्या डब्यावर काहीच छापलेले नसते. मग तिचा भाव कोण ठरवतो? ज्याला तिच्याबद्दल जास्त माहीत असते तो. जुन्या मालाचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे, आणि श्राविकेची सगळी अडचणही तिथेच आहे.

मी आणि माझी सून खंडाळ्यात जुन्या घरगुती वस्तूंचे लहानसे दुकान चालवतो. स्थानकात भेटणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, "आम्हालाही असे काही सुरू करायचे आहे, नफा किती ठेवायचा?" त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची बोहारीण आठवा. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती दारात यायची. एका कढईसाठी चार साड्या मागायची, आपण दोन दाखवायचो. पॅंटची चेन ओढून बघायची, साडीचे काठ उजेडात धरायची, "बाई, हे तर विरलंय" म्हणून बाजूला टाकायची. देवीपूजक समाजाच्या या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आल्या. आपण दार लावून म्हणायचो, "लुटून गेली." पण ते कपडे तिने घरी नेऊन धुवायचे, शिवायचे, बाजारात मांडायचे आणि त्यातून भांड्याची किंमत काढायची. तिची मजुरी आपण कधी मोजलीच नाही. दुकान सुरू केल्यावर मला पहिल्यांदा तिचा हिशेब कळला.

नफा कशाला म्हणायचे

बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि मुंबईच्या श्रीमंत घराण्यांना खंडाळा जवळ आले. इथे बंगले उभे राहिले, त्यात सागवानी कपाटे, संगमरवरी मेजे आणि लांब हातांच्या आरामखुर्च्या आल्या. आज त्या घरांतली नातवंडे दूरदेशी आहेत. बंगला विकला की सामान बाहेर निघते.

समजा, त्यातली वेत तुटलेली एक शिसवी आरामखुर्ची ३००० रुपयांना घेतली. टेम्पो आणि हमाली ५००, वेत विणायला १५००, पॉलिशला ८००. पाच-सहा महिने ती दुकानात जागा अडवणार, त्याचे भाडे आणि वीज धरून ७००. झाले ६५००. चिठ्ठीवर ८५०० लिहिले आणि गिऱ्हाईकाने ८००० वर आणले, तर हातात राहिले १५००. नव्या मुली ८००० मधून ३००० वजा करतात आणि ५००० मिळाले म्हणून खूश होतात. तिथेच दुकान बुडते. शिवाय काही वस्तू विकल्याच जात नाहीत, त्यांचा भार विकल्या गेलेल्यांनी उचलायचा असतो.

जीएसटीबद्दलही विचारतात. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर केवळ माल विकणाऱ्याला इथे सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी झाली तरी जुन्या मालाला वेगळा नियम आहे. खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर खरेदी आणि विक्रीच्या फरकावरच कर लागतो. पक्का सल्ला तुमच्या सीएंकडूनच घ्या.

एवढा झाला वहीतला हिशेब. पण त्यातला सर्वात वरचा आकडा, खरेदीचे ३०००, तो कसा आला? धर्माचा प्रश्न विक्रीच्या चिठ्ठीपेक्षा या आकड्यात जास्त आहे.

पाच अतिचार

प्रतिक्रमणात आपण स्थूल अदत्तादान विरमण व्रताचे पाच अतिचार म्हणतो. वर्षानुवर्षे ते ओठांवर असतात. जुन्या मालाच्या दुकानात बसले की एकेक अतिचार दारातून चालत येतो.

पहिला, चोरीचा माल घेणे. खंडाळ्यातले कितीतरी बंगले वर्षातले दहा महिने बंद असतात. कुणी घड्याळ घेऊन येते, कुणी चांदीचे तबक. भाव फारच कमी सांगतात, आणि तो कमी भावच आपल्याला सावध करायला पुरेसा असतो. मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय आणि नाव, पत्ता, सही असलेली पावती झाल्याशिवाय आम्ही वस्तू घेत नाही. माहीत असून चोरीचा माल घेणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. दुसरा अतिचार, चोराला मदत करणे, इथेच येतो. ओळख न विचारता माल घेणारे दुकान गावात आहे हे कळले, की चोरी करणाऱ्याला धीर येतो.

तिसरा, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यापार. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत. आमच्याकडे परवाना नाही, म्हणून जुनी मूर्ती, हस्तलिखित पोथी असे काही आले तर आम्ही हात जोडतो. जिनप्रतिमेवर भावाची चिठ्ठी लावायची कल्पनाही सहन होत नाही.

चौथा, खोटे माप, खोटे तोल. तांब्या-पितळेची मोड वजनावर घेतली जाते. आमचा काटा गिऱ्हाईकाकडे तोंड करून ठेवलेला आहे आणि त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का वेळच्या वेळी करून घेतो. समईच्या पोकळ बैठकीत लाख भरलेली असेल तर तिचे वजन कापावे लागते, पण ते विकणारीच्या देखत आणि तिला समजावून.

पाचवा, एक दाखवून दुसरे देणे. या धंद्यात याचा मोह सर्वात मोठा. नव्या लाकडाला काळपट पॉलिश केले, कडा थोड्या घासल्या, की "आजोबांच्या काळातले" म्हणून दुप्पट भाव येतो. नवे भाग जोडून तयार केलेले ग्रामोफोन तर कितीतरी दुकानांत 'जुने' म्हणून विकले जातात. आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर सून तीन गोष्टी लिहिते: काय जुने आहे, काय बदलले आहे, आणि काय आम्हाला सांगता येत नाही. "वेत नवा, लाकूड शिसवी, एक पाय दुरुस्त केलेला." यामुळे काही गिऱ्हाइके परत जातात. पण जी येतात ती वस्तू उलटीपालटी करून बघत बसत नाहीत आणि घासाघीसही कमी करतात. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर हेच मांडले होते. विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही असे असले, की घेणारा प्रत्येकच गाडीला कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारात येणेच थांबते. त्यांना पुढे २००१ साली नोबेल मिळाले.

पाचांत न बसणारा प्रश्न

आता खरी अवघड गोष्ट. कुणे गावातल्या एक मावशी पितळेचे मोठे घंगाळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, मोडीत घाला अन् पैसे द्या." काटा खरा, माल त्यांचाच, पावतीवर सही करायला तयार. पाचपैकी एकही अतिचार लागत नव्हता. पण मला माहीत होते की असे घंगाळ मुंबईची माणसे बंगल्याच्या दारात झाड लावायला घेतात आणि मोडीच्या दुप्पट-तिप्पट देतात.

पुण्यात माझ्या दिरांचा भांड्यांचा व्यापार आहे. ते म्हणतात, "भाभी, माहिती ही कमाईच आहे. बाजार फिरण्यात आपली वर्षे गेली, त्याची किंमत घ्यायची नाही का?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. बोहारणीच्या नजरेलाही मोल आहेच. माहितीचा मोबदला घ्यावा, पण समोरचीच्या अजाणतेपणाचा सगळा पैसा आपल्या गल्ल्यात यावा का? मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: मला जे माहीत आहे ते ऐकूनही तिने याच भावाला वस्तू दिली असती का? दिली असती, तर तो भाव दिलेला. नसती, तर तो न दिलेला, म्हणजे अदत्त. हा अर्थ कुठल्या टीकेत लिहिलेला नाही, माझा मी लावलेला आहे.

मावशींना दोन्ही भाव सांगितले. मोडीत एवढे येतील, आत्ता रोख. वस्तू म्हणून ठेवले तर विकल्यावर जास्त येतील, त्यातले सत्तर टक्के तुमचे, तीस टक्के दुकानाचे, पण कधी विकेल ते सांगता येत नाही. त्या विचार करते म्हणून घंगाळ परत घेऊन गेल्या. पुढे कळले, त्यांनी ते दुसरीकडे विकले. आमची विक्री गेली. त्यांना तिथे चांगला भाव मिळाला असेल अशी आशा आहे. असे होणार हे धरूनच या रीतीने दुकान चालवावे लागते. मात्र ज्यांना दोन्ही भाव सांगितले, त्यांतल्या कितीतरी जणींनी पुढे जावांना, नणंदांना आमच्याकडे पाठवले, आणि आज निम्मा माल या सत्तर-तीसच्या बोलीवरच येतो. त्यात आमचे भांडवलही अडकत नाही.

जो नफा घ्यायचाच नाही

काही वस्तूंचा भाव आम्ही काढतच नाही. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे. जुन्या बंगल्यांत हस्तिदंताच्या मुठीच्या काठ्या, कातड्याची आसने, भिंतीवरची शिंगे निघतात. हस्तिदंताच्या व्यापाराला वन्यजीव कायद्यानेही बंदी आहे, पण कायदा नसता तरी आपल्याला तो वर्ज्यच.

वाळवी किंवा भुंगा लागलेले लाकूडही घेत नाही. खाली ताजा भुसा दिसला की समजायचे आत जीव आहेत. औषध मारून ते कपाट विकले तर चांगले पैसे मिळतात, हे माहीत आहे. चातुर्मासात तर नवी खरेदी बंदच. खंडाळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास. लाकूड फुगते, खण उघडत नाहीत, दोन दिवसांत बुरशी धरते, आणि ती पुसणे म्हणजे अनंतकायाची विराधना. धंद्याच्या दृष्टीनेही फुगलेल्या लाकडाचा दोष कळत नाही, त्यामुळे भाव चुकण्याचा संभव फार. त्या चार महिन्यांत आम्ही असलेला माल विकतो आणि वही नीट करतो.

शेवटची गोष्ट पाचव्या व्रताची. सातव्या अंगात, उपासकदशांगात, आनंद श्रावकाने आपल्या धनाची मर्यादा बांधली: चार कोटी निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घराच्या पसाऱ्यात. व्यापाराचा आकडा त्याने वेगळा ठेवला, हे मला फार उपयोगी वाटते. दुकानातली प्रत्येक सुंदर वस्तू घरी न्यावीशी वाटते, आणि घरातली विकावीशी वाटत नाही. म्हणून दुकानात एका वेळी किती रुपयांचा माल असावा याचे पच्चक्खाण आम्ही घेतले आहे. ती मर्यादा भरली की पुढची वस्तू कितीही स्वस्त मिळो, आधी काहीतरी विकल्याशिवाय घ्यायची नाही. यामुळे भावही ताळ्यावर राहतो. अडलेला माल हलवायचा तर हट्टाने चढा भाव धरून बसता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी हे काम सुरू करणार असेल तर पहिल्या दिवसापासून वहीत चार रकाने पाडा: किती दिले, किती खर्च झाला, किती आले, आणि विकणारीला काय काय सांगितले. पहिले तीन रकाने सीएंना दाखवायचे. चौथा पक्खीच्या प्रतिक्रमणाआधी स्वतः वाचायचा.

जय जिनेंद्र.