पडण्याआधी सुताराला बोलवा

वाचकहो, आरोग्यविषयक पाक्षिकात सुताराबद्दलचा लेख पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु तीस वर्षे रुग्ण तपासूनही जी गोष्ट मला उमगली नव्हती, ती माझ्याच घरातल्या एका दाराने शिकवली. ती आपल्याला सांगितली नाही, तर माझे चुकेल.

आमच्या तालुक्याच्या गावातले घर जुने आहे. न्हाणीघराचे दार लाकडी, आत उघडणारे. पावसाळा लागला की ते फुगून चौकटीत घट्ट बसे. आईचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. जूनपासून तिने मला तीनदा तरी सांगितले असेल, "अरे, त्या सुताराला बोलाव ना. दार ओढताना तोल जातो माझा." मी प्रत्येक वेळी "हो, सांगतो" म्हणालो आणि दवाखान्यात निघून गेलो.

"तोल जातो" हेच शब्द एखाद्या रुग्णाने उच्चारले असते, तर मी त्याचा रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोनदा मोजला असता, औषधांची यादी तपासली असती. आईच्या तोंडून मात्र मला फक्त सुताराचे काम ऐकू आले. लक्षण ऐकू आले नाही.

श्रावणात एका पहाटे तिने बाहेर येण्यासाठी आतून दार ओढले. अडकलेले दार एकाएकी सुटले आणि ती मागे पडली. तिचे पाय दाराशीच होते. बाहेरून दार ढकलावे तर तिला लागणार, न ढकलावे तर आत जाता येणार नाही. चार बोटांच्या फटीतून मला तिचा हात दिसत होता. मी डॉक्टर असूनही तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हतो. अखेर तिनेच कण्हत पाय थोडा सरकवला, तेव्हा मी आत शिरलो. खुब्याचे हाड मोडले होते.

शस्त्रक्रिया झाली. वॉकर घेऊन आई घरी आली आणि पहिल्याच दिवशी तो वॉकर न्हाणीघराच्या दारात अडकला. दाराचे पान आतल्या नळाला टेकून अर्धवटच उघडत होते. त्या दिवशी मात्र सुताराला बोलावले.

तो चाळिशीतला, आमच्याच गावातला. त्याने आधी टेप काढली नाही. आईला म्हणाला, "आजी, तुम्ही रोज जाता तशा जाऊन दाखवा." आई पलंगावरून उठली. कुठे हात टेकते, कुठे थबकते, कोणत्या बाजूला कलते, हे तो पाहत राहिला. मग तिच्या मनगटाची जमिनीपासूनची उंची मोजून त्याने भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. आमच्या घराचे माप त्याने आईवरून घेतले.

त्याने जे केले ते सविस्तर सांगतो, कारण यातील बहुतेक कामे आपल्या घरीही करता येतील. न्हाणीघराचे दार त्याने बाहेर उघडणारे केले. त्यामुळे पान वाटेतून दूर झाले, वॉकर जाऊ लागला आणि आत कोणी पडले तरी दार अडणार नाही. आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असे कुलूप बसवले. चौकटीचा खालचा भाग पाण्याने कुजला होता. तेवढाच कापून नवे सागवान जोडले. दाराच्या कडांना बेताचा रंधा मारून त्या रंगवून घेतल्या. कोरी कड पाणी पिते आणि पुन्हा फुगते. भर पावसाळ्यात फार तासले तर उन्हाळ्यात फट पडते. उंबरठ्याला हात लावण्याआधी तो म्हणाला, "हे गवंड्याचं काम आहे, डॉक्टर. नुसता काढला तर पाणी खोलीत येईल." गवंड्याने दोन्ही बाजूंना उतार करून दिला. आपल्याला काय येत नाही हे सांगणारा कारागीर विश्वासाचा असतो, हे वैद्यकातही खरे आहे.

आधाराचा दांडा मनगटाच्या उंचीवर, मुठीत मावेल असा गोल, सव्वा ते दीड इंच जाडीचा असावा. भिंत व दांडा यांत बोटे मावतील इतके, म्हणजे दीड-दोन इंच अंतर हवे. न्हाणीघरात तो स्टीलचा, बोळात लाकडी चालेल. तो नुसत्या गिलाव्यात न बसवता विटेत खोलवर पक्का करावा आणि सुताराने स्वतः सारा भार टाकून तपासावा. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे; ती हातात निघून आलेली मी पाहिली आहे. पलंगाची उंची अशी असावी, की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. पलंग बुटका असेल, तर पायांखाली खोबण कोरलेले लाकडी ठोकळे द्यावेत; खोबणीमुळे पाय घसरत नाही.

सुतार शक्यतो जवळपासचा निवडा. दांडा हलू लागला, दार पुन्हा घासू लागले, तर जो दोन गल्ल्या ओलांडून येऊ शकेल तोच उपयोगाचा. त्याने केलेले एखादे काम पाहून या. काम रोजाने आहे की उक्ते, लाकूड आणि स्क्रू कोणी आणायचे, जुने लाकूड कोण नेणार, हे आधीच कागदावर लिहून घ्या. सामानापुरती उचल द्यावी. उरलेली रक्कम काम तपासल्यावर द्यावी, मात्र ती त्याच दिवशी द्यावी.

काम चालू असताना ज्येष्ठांना त्या खोलीत बसवू नका. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास यांनी दम्याचा त्रास वाढतो. खिळे, वायरी आणि लाकडाचे तुकडे संध्याकाळी उचलल्याखेरीज त्या वाटेने कोणी जाऊ नये. त्या काळात रात्री शौचाला जाण्याची दुसरी सोय करून ठेवा.

सुताराने औषधाचे काम भागत नाही, हेही सांगतो. उभे राहताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पण उत्तम औषधे घेणारी व्यक्तीसुद्धा अडकलेल्या दारापुढे असहाय असते.

आई आज काठी घेऊन चालते. पूर्वीसारखी अंगणापलीकडे जात नाही. सुताराने त्या दाराला जेमतेम अर्धा तास रंधा मारला असेल. तेवढा वेळ मी जूनमध्ये काढला असता, तर काय झाले असते, हे आईने मला कधी विचारलेले नाही. मी स्वतःला विचारतो.

आपण ज्येष्ठ असाल, तर घरातली अडचण दुसऱ्यांदा सांगायला संकोचू नका; "दार अडते" याबरोबर "मी पडेन अशी भीती वाटते" हेही स्पष्ट सांगा. आणि आपण सेवा करणारे असाल, तर आज रात्री आपल्या माणसासोबत पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकदा चालून पाहा. त्यांचा हात जिथे जिथे भिंत शोधेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. उद्या सुतार आला, की त्याला त्या खुणा दाखवा.