सालीखालची रेघ

आंब्याची कोवळी फांदी धारदार चाकूने आडवी कापून उजेडात धरली, तर तिच्या पोटातली मांडणी नुसत्या डोळ्यांनीही वाचता येते. बाहेर हिरवी साल, आत पांढुरकं लाकूड, मधोमध मऊ भेंड. साल आणि लाकूड जिथे भेटतात तिथे एक ओलसर रेघ असते. सूक्ष्मदर्शकाखाली तीच रेघ मोजक्या पेशींच्या जाडीचा थर म्हणून दिसते. हा थर म्हणजे कॅम्बियम. त्याच्या पेशी विभागत राहतात आणि आतल्या अंगाला जलवाहिन्या, बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या घालतात. मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातून वर चढतं, पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या पदरातून खाली उतरतं, आणि या दोन्ही वाटा बांधणारा गवंडी त्या रेघेत बसलेला असतो. कलम बांधणं म्हणजे सफाईने कापणं, असं पुष्कळांना वाटतं. सफाई हवीच, पण माझ्या मते ही कला आधी ती रेघ ओळखण्याची आहे, चाकूचं काम त्यानंतरचं.

पाचर कलमाचं पाहा. खुंटाचा, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपाचा, शेंडा छाटून त्याला उभी चीर द्यायची, वर लावायच्या काडीला दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटरचा उतार देऊन पाचर करायची आणि चिरेत बसवायची. दोन्ही सारख्या जाडीची असली तर अडचण नसते. काडी बारीक असली की डोळा तिला मधोमध बसवायला सांगतो, कारण तेच नेटकं दिसतं. पण मधोमध बसलेली काडी खुंटाच्या लाकडात अडकून पडते. तिची रेघ खुंटाच्या रेघेला कुठेच भेटत नाही. म्हणून तिला एका कडेला सरकवायची. तीही सालीला साल लावून नव्हे. खुंटाची साल जाड, काडीची पातळ. तेव्हा काडी केसभर आत घ्यायची, म्हणजे रेघेला रेघ लागते. कापलेलं जुनं लाकूड पुन्हा कधीच सांधत नाही. दोन्हीकडच्या जिवंत पेशी फटीत नव्या मऊ पेशींचा भराव घालतात, त्या भरावातून कॅम्बियमचा पूल तयार होतो आणि मगच वाहिन्या जुळतात. पट्टी घट्ट बांधायची ती फट अरुंद राहावी आणि हा भराव सुकू नये म्हणून.

याच रेघेची उलटी साक्ष डाळिंबाची गुटी, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फुटवण्याची रीत, देते. फांदीवरून सालीचं कडं काढल्यावर उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडून टाकावा लागतो. तो राहिला तर झाड जखमेवर नवी साल चढवतं आणि मुळं फुटायचं राहून जातं. थर नीट गेला की खाली उतरणारं अन्न कड्याच्या वरच्या काठाशी अडतं, काठ फुगतो आणि ओलसर शेवाळात तिथेच मुळं धरतात. फांदी मात्र सुकत नाही, कारण पाण्याची वाट लाकडातून आहे आणि लाकडाला हात लागलेला नाही. सतराव्या शतकात इटलीतल्या माल्पिगी या शास्त्रज्ञाने फांद्यांवरून अशीच सालीची कडी काढून वरच्या काठाची सूज नोंदवली होती. कलमात जो थर जपायचा, तोच गुटीत पुसायचा.

आणि जिथे तो थरच नाही, तिथे काय होतं ते माड दाखवतो. नारळ, बांबू, ऊस ही एकदल कुळं. त्यांच्या खोडात वाहिन्यांच्या जुड्या वर्तुळात बसलेल्या नसतात, सगळीकडे विखुरलेल्या असतात. उसाचं कांडं आडवं कापलं की त्या ठिपक्यांसारख्या दिसतात. जुडीत कॅम्बियम नाही, म्हणून माडाच्या खोडाला जखम भरून काढता येत नाही. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात. शेजारच्या आंब्याची जखम मात्र काठांकडून वळ धरत मिटत जाते.

यावर कुणी म्हणेल, कॅम्बियम हा शब्द न ऐकलेल्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या कलमं बांधली. खरंच आहे. पण ‘साल सुटायला लागली’ हे ओळखूनच ते हात डोळा भरायला, म्हणजे सालीखाली कळी बसवायला, बसत, आणि साल सुटते ती हा थर जागा होऊन पेशी कोवळ्या झाल्यावरच. नाव माहीत नव्हतं, रेघ माहीत होती. दुसरा आक्षेप असा की रेघ जुळूनही आंब्यावर चिकू लागत नाही. बरोबर, नातं लागतंच, म्हणून चिकूला त्याच्याच गोतातली रायण खुंट म्हणून देतात. नातं ही पहिली अट, पण रेघ चुकली तर सख्ख्या नात्यातलं कलमही वाळतं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की गव्हासारख्या एकदल पिकांतही बीजांकुराच्या अगदी कोवळ्या अवस्थेत कलम जुळतं. मग कॅम्बियमचं एवढं कौतुक कशाला? मला यात माझं म्हणणं मोडलेलं दिसत नाही, खोल गेलेलं दिसतं. सांधतात त्या विभागायची ताकद राखलेल्या पेशी. अंकुरात ती ताकद ठायी ठायी असते. वाढलेल्या खोडात ती बव्हंशी एका रेघेपुरती उरते. कोकणात आंब्याच्या कोय कलमासाठी तांबूस पानांची, पंधरा-वीस दिवसांची रोपं निवडतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

म्हणून शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कलम बांधायला देऊ नये. त्याला फांद्या कापू द्याव्यात. आंब्यात, डाळिंबात, गुलाबात ती रेघ बोटाच्या नखाने शोधू द्यावी. ती ओळखीची झाली की हातात उसाचं कांडं द्यावं, आणि तिथे ती का सापडत नाही हे त्याचं त्यालाच सांगू द्यावं. चाकू त्यानंतर शिकवावा.