ऐकणाऱ्याचे पुस्तक

"मास्तर, तुमचे आवडते पुस्तक कोणते?" असे कोणी विचारले की माझी पंचाईत होते. शिक्षक, त्यातून कादंबरीकार. तेव्हा याने एखादे भारदस्त नाव घ्यावे अशी विचारणाराची अपेक्षा असते. पण माझ्या आवडीची पुस्तके मी एकट्याने निवडलेलीच नाहीत. ती निवडली माझ्या आईने; आणि आईला अक्षर वाचता येत नव्हते.

आमचे देवगाव रंगारी कन्नड तालुक्यातले. गावाच्या नावात रंगारी असला, तरी माझ्या लहानपणी आमच्या घराला एकच रंग ठाऊक होता, कापसाचा पांढरा. घरात पुस्तक नव्हते. पोथी होती ती मारुतीच्या देवळात, श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप'. चातुर्मासात एकजण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे आणि बाकीचे ऐकत. आजोबांच्या पिढीचे बहुतेक वाचन असेच, कानांनी झालेले. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. ग्रंथातली मराठी त्यांना भेटली ती देवळातच. वाचायचे ते दुसऱ्यासाठी, ही माझी समजूत तिथेच पक्की झाली.

शाळेत पुस्तकांचे कपाट होते आणि कपाटाला कुलूप होते. 'पोरं पुस्तकं फाडतात' हे त्याचे कारण. किराण्याच्या पुड्यांचे कागद मात्र कुणी कुलपात ठेवत नसे. अर्ध्यावर तुटलेल्या त्या गोष्टींचे शेवट मी आपल्या मनाने लावी. पुढे कादंबऱ्या लिहिल्या त्याचे मूळ बहुधा त्या साखरेच्या पुडीत असावे!

एका वर्षी वर्गात पहिला आलो आणि बक्षीस म्हणून 'श्यामची आई' मिळाली. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. आमच्याही घरी ती तशीच वाचली गेली. आई शेंगा फोडीत बसे आणि मी कंदिलाशी वाची. मध्येच ती म्हणे, "थांब. तेवढं पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाची. एखादे वेळी म्हणे, "हे जाऊ दे, फुडं चल." कुठे थांबावे आणि कुठे पुढे जावे, हे मला पुढे कोणत्याही समीक्षकाने इतक्या थोडक्यात सांगितले नाही.

मॅट्रिक झालो आणि कॉलेजची वाट तिथेच संपली. चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत लागलो. त्या दिवसांत व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' हाती आली. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, आणि शाळेकडे न फिरकणारी मुले! मी ती माझ्यासाठी वाचत होतो. आई ऐकत होती ती वाडीसाठी. दुष्काळाने वाडी उठून जाते तिथे तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ७२ चा दुष्काळ तिने पाहिलेला होता.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही १९७१ ची. बोराडे सर आमच्या शेजारच्या वैजापुरात प्राचार्य होते. शिंप्याची बायको पार्वती आपल्याच बोलीत सारी कथा सांगते. दोन पानांतच आई म्हणाली, "ही तर आपल्यासारखीच बोलते की! असं बी छापत्यात?" आपली बोली छापता येते, हा तिच्याइतकाच मलाही शोध होता. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ऐकताना तर ती खुदुखुदु हसे. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, हे कळल्यावर मात्र बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंजी शिकले असते, तर मी बी सांगितलं असतं." त्या वाक्यानंतर मला त्या रात्री पुढे वाचवले नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखितही तिलाच वाचून दाखवले. तिसऱ्या प्रकरणात नायक नदीकाठी बसून जीवनावर चिंतन करतो. आई म्हणाली, "ह्याला काय कामधंदा न्हाई का रे?" ती अकरा पाने मी काढून टाकली. पुस्तक छापून आले तेव्हा लोकांनी त्याच्या नेटकेपणाचे कौतुक केले. मी आईकडे पाहिले. ती शेंगा निवडीत होती.

आई गेली त्याला आता सहा वर्षे झाली. पुस्तके आजही वाचतो, पूर्वीपेक्षा अधिकच. पण मनातल्या मनात. 'थांब' म्हणणारे कोणी नसले की पाने भराभर उलटतात आणि लक्षात थोडी राहतात. एकट्याचे वाचन गोड असते खरे. पण एकट्याने जेवल्यासारखे वाटते.

आमच्या शाळेच्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडे आहे. म्हणजे ती हरवली आहे, असे मी सांगतो, आणि कपाट उघडेच असते. शनिवारी मुले पुस्तक घरी नेतात. अट एकच: घरातल्या ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवायचे. काही पुस्तके फाटतात, काही परतच येत नाहीत. येवोत न येवोत. मध्यंतरी सहावीतल्या एका मुलीने 'श्यामची आई' परत आणली. पानांवर हळदीची बोटे उमटली होती.

"हे कुणाचे ग?" मी विचारले.

"आजीचं, सर. कुठवर आलो ते तिला वाचता येत नाही, म्हणून ती बोट लावून ठेवते. अजून दहा रात्री राहिल्यात. पुस्तक आणखी आठ दिवस ठेवू का?"