पलीकडच्या मृतांसाठीही

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ब्रिटनमधल्या चर्चमध्ये सैनिकांचं स्मरण होतं. कोटांवर लाल पॉपीची फुलं, अकरा वाजता दोन मिनिटांची शांतता. अशी उपासना आखताना शत्रूच्या मृतांसाठीही प्रार्थना हवीच, असं मला ठामपणे वाटतं. जुलै १९८२ मध्ये अर्जेंटिनाबरोबरच्या फॉकलंड युद्धानंतर लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी अर्जेंटिनातल्या शोकाकुल घरांचीही आठवण काढली, आणि विजयाचा सूर हवा असणारे राजकारणी चिडले. पण रन्सी यांनी युद्ध नुसतं लांबून पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते रणगाड्यावर लढले होते, त्यांनी शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळवला होता.

कुणी म्हणेल, जिचा मुलगा गेला त्या आईसमोर शत्रूच्या मृतांबद्दल बोलणं क्रूरपणाचं आहे. आक्षेप खरा आहे, म्हणूनच क्रम जपायला हवा: आधी आपल्या गावच्या मृतांची नावं, हुद्दे न लावता, घाई न करता, मग परतलेल्यांसाठी, त्यांच्या उडालेल्या झोपेसाठी प्रार्थना, त्यानंतरच पलीकडच्यांसाठी. आणि माजी सैनिकांना नुसतं पुढच्या बाकावर बसवू नये. नावं कुणी वाचायची, बिगूल कधी वाजवायचा, हे आधी त्यांनाच विचारावं. ज्यांना उभं राहणं झेपत नाही, त्यांच्यासाठी सगळ्यांनीच बसून शांतता पाळली तरी चालेल.