अडीच इंच

मंगळवारी सकाळी हिंजवडीत आमची स्टँडअप मीटिंग चालू होती आणि मोबाइलवर दादाचा मेसेज आला. "दोन, अडीच की तीन? चाचा विचारतायत. आज सांग."

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. राहतो संभाजीनगरला, छावणीत, कामाला वाळूजला. त्याच्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस आहे. ही गाडी भारतात २००४ मध्ये आली, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. त्या काळात आपल्याकडे टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं. ऑक्टाव्हियाची जुळणी आमच्याच शहराजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात व्हायची. त्यामुळे दादा तिला 'आपल्या गावची पोरगी' म्हणतो. पुण्यातल्या एका माणसाकडून त्याने ती सेकंडहँड घेतली, तेव्हा मावशीने दारात तिला ओवाळलं होतं.

गाडीला त्याने मोठा टर्बो बसवला. लक्ष्य २५० अश्वशक्ती. रोज वाळूजला जायचं आणि एकदा तरी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'ला पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळवायची. आता प्रश्न उरला होता इंटरकूलरच्या पाइपांचा.

थोडक्यात सांगतो. टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. आमच्याकडच्या ४१ अंशांच्या मे महिन्यात १५ पीएसआय बूस्टला टर्बोतून निघणारी हवा सव्वाशे अंशांच्या वर जाते. इतकी गरम हवा विरळ असते, शिवाय इंजिनात नॉकिंग होतं. म्हणून ती बंपरमागच्या इंटरकूलरमध्ये गार करून मग इंजिनाला द्यायची. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हा प्रवास ज्या पाइपातून होतो, तो किती जाड हवा, एवढाच प्रश्न.

मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि पहिल्याच नोकरीपासून कोड लिहितोय. नातेवाइकांत मी 'इंजिनिअर' आहे, पण कुणाचा मिक्सर बिघडला तरी मला घाम फुटतो. त्यामुळे दादाने मला विचारलं याचंच मला अप्रूप वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण १० अश्वशक्ती, हा ढोबळ नियम घेतला. म्हणजे २५० साठी सेकंदाला सुमारे १९० ग्रॅम हवा. दोन मीटर पाइप, चार वळणं. उत्तर असं आलं: दोन इंची पाइपात हवेचा वेग सेकंदाला ५१ मीटर आणि दाबातला तोटा पाऊण पीएसआय. अडीच इंचीत ३३ मीटर, तोटा पाव. तीन इंचीत २२ मीटर आणि तोटा एक दशांश.

सगळ्यात कमी तोटा तीनमध्ये. मी दादाला लिहिलं, "तीन. हिशेब केलाय."

त्याला हेच हवं होतं. व्हिडिओत दिसणाऱ्या मोठ्या गाड्यांचे पाइप तीन इंचीच असतात.

चाचांचं दुकान छावणीतच, एका गल्लीच्या तोंडाशी. ट्रक-टेम्पोचे सायलेन्सर बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पाइप वाकवून चेपण्यापेक्षा तुकडे कापून आर्गन वेल्डिंगने जोडतात, आणि जोड असा की बोट फिरवलं तर कळत नाही. शनिवारी मी गावी गेलो तेव्हा त्यांनी तीन इंची पाइप हातात धरला, सिलिकॉनचा जोड त्यावर चढवला आणि मला विचारलं, "बेटा, इतना मोटा पाइप. इस को पकडेगा कौन?"

मी म्हणालो, क्लॅम्प.

ते हसले नाहीत. "पाइपच्या तोंडाला बीडिंग करून घे, म्हणजे कड उचलून. मशीन दुसऱ्या दुकानात आहे, सोमवारी करून आणतो." दादाला रविवारीच गाडी हवी होती, मावशीला वाळूजला एका नातेवाइकांकडे न्यायचं होतं. मी म्हणालो, "तात्पुरतं असंच बसवा, घट्ट आवळा." चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि पाना उचलला. शिकलेल्या माणसाच्या शब्दाला आपल्याकडे जरा जास्तच वजन असतं.

रविवारी दुपारी आम्ही नगर नाक्यावरून निघालो. दादा गाडी चालवत होता, मी शेजारी, मावशी मागे, मांडीवर डबा. गोलवाडीच्या पुढे एका ट्रकला ओव्हरटेक करायला दादाने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. समोरून टेम्पो येत होता, पण अंतर भरपूर होतं. टर्बो शिट्टीवर आला आणि 'फाट्' असा आवाज झाला, टायर फुटल्यासारखा. ओढ एकदम संपली. आम्ही ट्रकच्या बरोबर शेजारी, आणि गाडी पुढे जाईना. मागे काळा धूर. टेम्पोवाल्याने दिवे मारले, हॉर्न धरून ठेवला. दादाने ब्रेक मारून ट्रकच्या मागे गाडी घातली. बाजूने टेम्पो गेला तेव्हा दादाच्या बाजूच्या काचेतून त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा दिसला. तो अजून दिसतो.

कडेला थांबलो. मावशीचा डबा खाली पडला होता आणि वरण सीटभर. ती काही बोलली नाही. पदराने सीट पुसत राहिली.

जोड सुटला होता. गाडी हवा मोजते ती टर्बोच्या आधी. जोड निसटल्यावर मोजलेली हवा बाहेर जाते, पण पेट्रोल मात्र मोजलेल्या हिशेबानेच ओतलं जातं. म्हणून काळा धूर, म्हणून गाडी मेली.

त्या रात्री छावणीतल्या घरी गच्चीवर बसून मी पुन्हा लॅपटॉप उघडला. स्क्रिप्टमध्ये चूक नव्हती. आकडे बरोबर होते. मी फक्त एकच रकाना पाहिला होता.

दुसरा रकाना असा: १५ पीएसआयला आतली हवा जोडाला बाहेर ढकलते ती दाब गुणिले क्षेत्रफळ इतक्या जोराने. दोन इंचीला २१ किलो, अडीचला ३३, तीनला ४८. म्हणजे गुळगुळीत पाइपावरच्या त्या क्लॅम्पवर मी सिमेंटच्या गोणीएवढं वजन लटकवलं होतं, वर इंजिनाचे हिसके वेगळे. 'पकडेगा कौन' हा प्रश्न हाच होता, फक्त त्यात आकडा नव्हता.

तिसरा रकाना: पाइपात मावणारी हवा. अडीच इंचीत पावणेसहा लिटर, तीन इंचीत साडेआठच्या जवळ. ती भरायला लागणारा जादा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. जाड पाइपाने गाडी मंद होते असं सगळे म्हणतात. त्यातला बराचसा दोष टर्बोच्या चक्राच्या जडपणाचा असतो. पण मिळत काय होतं? पीएसआयचा जेमतेम सातवा भाग. तेवढा तर एक वळण कमी केलं की थोडाफार भरून निघतो.

आणि चौथा: गरम बाजू. लोक टर्बोकडचा पाइप बारीक ठेवतात आणि सांगतात की तिथे हवा कमी लागते. उलट आहे. वजन तेवढंच, पण गरम हवा जास्त जागा घेते, म्हणून तिथेच ती जोरात पळते. तो पाइप बारीक चालतो, कारण तो आखूड असतो.

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि चाचांकडे गेलो. काय बोलावं कळत नव्हतं. "चाचा, चूक माझी होती," एवढं म्हणालो. त्यांनी चहा मागवला. मग आम्ही तिघांनी बंपर काढून जमिनीवर खडूने रेघा मारल्या आणि चारऐवजी तीन वळणांत रस्ता बसवला. दोन्ही बाजूंना अडीच इंच. थ्रॉटलचं तोंडही साधारण तेवढंच आहे. प्रत्येक टोकाला बीडिंग. चाचांनी जोड चढवण्याआधी पाइपाचं तोंड स्पिरिटने पुसलं. तेल राहिलं तर सगळं व्यर्थ, म्हणाले. मग एक टोक बंद करून दुसरीकडून कॉम्प्रेसरची हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी ओतलं. एकही बुडबुडा आला नाही.

दादाने आंबी व्हॅलीचा विषय अजून सोडलेला नाही, पण रस्त्यासाठी त्याने बूस्ट खाली आणलाय. कायद्याचा प्रश्नही आहेच. गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि नगर रोड ही धावपट्टी नाही हे आम्हाला आता कुणी सांगायला नको.

गेल्या महिन्यात गुरुवारच्या बाजाराला मावशी आमच्याबरोबर गाडीत बसली. बसण्याआधी थांबली. मला विचारलं, "आता नाही ना सुटणार?"

माझ्याकडे चारही रकाने तयार होते. पण तिने आकडा विचारला नव्हता.

"चाचांनी बसवलंय," मी म्हणालो.

तिने पिशवी पायाशी ठेवली आणि दार लावून घेतलं.