न उघडलेलं पगाराचं पाकीट

आमच्या शेजारचे आजोबा गेले. वय ९१. त्यातली पस्तीस वर्षं त्यांनी जमिनीखाली कोळसा काढण्यात घालवली, साठाहून अधिक वर्षं एकाच बाईबरोबर संसार केला, आणि पत्ता उभ्या आयुष्यात एकदाच बदलला, तोही दोन गल्ल्या सोडून. वर्तमानपत्रात बातमी यावी असं त्यांनी काही केलं नाही. म्हणूनच मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

जर्मनीतल्या ऱ्हूर भागात एसेन हे शहर आहे. त्याच्या उत्तर भागात काटर्नबेर्ग नावाची वस्ती आहे. आजोबा इथलेच, आणि मीही इथंच राहते. ती वाढली त्सोलफेराइन या खाणीच्या जिवावर. १८४७ मध्ये खाणीची सुरुवात झाली, आणि १९३२ मध्ये तिची बारा नंबरची विहीर चालू झाली तेव्हा तिथून दिवसाला बारा हजार टन कोळसा वर येऊ शकत होता. आज हे सगळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पर्यटक येतात, लाल विटांच्या इमारतींचे आणि ५५ मीटर उंच लोखंडी मनोऱ्याचे फोटो काढतात. आत संग्रहालय आहे, उपाहारगृह आहे. आजोबा मात्र तिथं तिकीट काढून कधीच गेले नाहीत. ‘कामाच्या जागी पैसे भरून कशाला जायचं?’ असं म्हणत.

मी चंद्रपूरची. माझे मामा वेकोलीच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कॉलरीत (कोळसा खाणीत) होते. तिन्ही पाळ्यांचं वेळापत्रक घरातल्या लहान पोरांनाही पाठ असायचं, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला की घरात कुणी भांडं वाजवत नसे. हे मी आजोबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला कुंपणाच्या आत बोलावलं आणि बाकावर बसवलं. शिष्टाचाराच्या गप्पा त्या दिवशी संपल्या.

१९४८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ते खाणीत लागले. युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती, शहर पडझडीचं होतं, आणि खाणीतल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त शिधा मिळे. सुरुवातीला पोरांना वर पट्ट्याशी उभं करत. सरकत्या कोळशातून दगड वेचायचे. मग खाली. कपडे बदलायचे ते एका उंच दालनात, आणि घरचे कपडे आकड्याला अडकवून साखळीनं छताशी ओढून ठेवायचे. नंबरचा बिल्ला घ्यायचा, पाळी संपली की परत करायचा. बिल्ला परत आला नाही म्हणजे माणूस अजून खाली आहे. अंघोळीला एकमेकांची पाठ घासायची, कारण ती काजळी स्वतःच्या हातानं निघतच नाही.

खांबांबद्दल ते फार आस्थेनं बोलत. छताला आधार द्यायला आधी लाकडी खांब असत, मग लोखंडी आले. लोखंडी जास्त भार पेलतात हे त्यांना मान्य होतं. पण लाकूड तुटायच्या आधी कुरकुरतं, माणसाला पळायला वेळ देतं, असं ते सांगत. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाला आणि तिथले तरुण इकडच्या खाणींत येऊ लागले. त्यांच्यातल्या काहींना आजोबांनी हाताखाली घेतलं. भाषा येत नव्हती. आधी कान लावायला शिकवलं, असं ते म्हणत. अंत्यविधीला दोन तुर्की म्हातारे काठी टेकत आले होते. नंतरच्या कॉफीच्या वेळी त्यातल्या एकानं आजोबांच्या मुलीला सांगितलं, ‘तुझ्या बापानं मला दोनदा मागं ओढलं.’

तेव्हा पगार रोख मिळे, पाकिटात. पगाराच्या दिवशी खाणीच्या फाटकाबाहेर बायका उभ्या असायच्या, कारण फाटक आणि घर यांच्यामध्ये दारूचे गुत्ते होते. आजोबांच्या पत्नीला एकदाही तिथं जावं लागलं नाही. पाकीट न उघडता घरी यायचं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं जायचं. आजी ते उघडायच्या आणि त्यांना तंबाखूपुरते पैसे काढून द्यायच्या. हे आजींनीच मला सांगितलं होतं, मोठ्या अभिमानानं.

डब्यातला ब्रेडचा एक तुकडा ते मुद्दाम उरवायचे. दिवसभर खाली राहून वाळलेला, कोळशाचा वास लागलेला. वाटेत सशानं दिला म्हणून मुलांना सांगायचं, आणि मुलं त्यावर तुटून पडायची. इथल्या खाणकामगारांच्या घरोघरी ही रीत होती. त्यांची मुलगी आज साठीची आहे. तो तुकडा म्हणजे बापाच्या तोंडातून काढलेला घास होता, हे तिला फार उशिरा कळलं.

आजींना पुढे विस्मरणाचा आजार झाला आणि त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. आजोबा रोज १०७ नंबरच्या ट्रामनं जात. बर्फ असो, पाऊस असो. आजी त्यांना ओळखत नव्हत्या. ते त्यांचे केस विंचरायचे, भरवायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मी एकदा म्हटलं, एखादा दिवस विश्रांती घ्या. ते म्हणाले, ‘माझी पाळी आहे.’

इथं एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. आजोबा गुणी होते, पण या गुणाला व्यवस्थेनं टेकू दिला होता. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या कोळसा खाणींत सहा लाखांवर माणसं होती. पुढच्याच वर्षी स्वस्त तेलामुळे कोळसा पडून राहू लागला आणि खाणी एकेक करून बंद होत गेल्या. तरी मोठ्या वाताहतीनंतर कामगार संघटना, कंपनी आणि सरकार यांनी मिळून ठरवलं की खाणकामगाराला रस्त्यावर टाकायचं नाही. तरुणांना दुसऱ्या खाणीत हलवलं, आणि खाली राबलेल्यांना पन्नाशीत भत्ता देऊन मोकळं केलं. आजोबा तसेच बाहेर पडले. धुळीनं फुप्फुसं निकामी होणं हा व्यवसायजन्य आजार आहे, हे जर्मनीनं १९२९ मध्येच मान्य केलं होतं. त्यांच्या मेव्हण्याला तो झाला, आणि त्याच्या माघारी बहिणीला पेन्शन मिळाली. निवृत्तीनंतरची चाळीस वर्षं आजोबांना कबुतरं, भाजीपाला आणि नातवंडं यांत घालवता आली, ती काही नशिबानं नाही.

त्सोलफेराइन २३ डिसेंबर १९८६ ला थांबली. देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण, शेजारच्या बॉट्रॉपमधली, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. कोळशाचा अखेरचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला गेला. आजोबांनी टीव्हीवर तो सोहळा उभं राहून पाहिला.

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेडकडच्या वाचकांना माझी विनंती आहे. कष्टाळू माणसाचं आपण कौतुक करतो ते त्याच्या सोसण्याचं, आणि तिथंच थांबतो. तुमच्या घरात, शेजारात कॉलरीतून निवृत्त झालेलं कुणी असेल, कंत्राटावर कोळशाच्या धुळीत राबणारं कुणी असेल आणि खोकत असेल, तर आधी छातीचा एक्स-रे काढून घ्या. धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची नोंद करणं आपल्याकडेही कायद्यानं बंधनकारक आहे. हजेरीची, नोकरीची कागदपत्रं फेकू नका. आणि त्यांची पाळी कशी असायची, हे त्यांना विचारा. ऐकताना घाई करू नका.